रूपर्टचा ‘छोटा जल्लाद’: या चित्रात बायबल कुठे आहे, आणि प्रत जुनी आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमधल्या एका लिलावात तुम्ही तळहातापेक्षा जरा मोठं, काळपट मुद्राचित्र, म्हणजे प्लेटवरून कागदावर छापलेलं चित्र, घेतलं. डोक्याला फडकं बांधलेला एक माणूस, मान खाली, बाकी सगळा अंधार. चौकटीच्या मागे कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं आहे: ‘सतराव्या शतकातलं मेझोटिंट, बायबलमधला प्रसंग, प्रिन्स रूपर्ट’. तुम्ही विचारता की यात बायबल कुठे आहे, हे खरोखर त्या काळचं असेल का, आणि कागदावर पडलेले तांबूस ठिपके काढून घ्यावेत का?

मी मुद्राचित्रण करतो आणि जुन्या मुद्राचित्रांच्या जतनाचंही काम करतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात घाई झाली तर बाकीच्या दोन प्रश्नांना अर्थ उरणार नाही. कृपा करून या चित्राला हात लावू नका. खोडरबर नाही, ब्रेडचा चुरा नाही, ओला बोळा नाही, आणि सुरकुत्या जाव्यात म्हणून वजनाखाली ठेवणं तर मुळीच नाही. मेझोटिंट म्हणजे तांब्याची प्लेट आधी खडबडीत करून, मग खरवडून उजेड काढत केलेलं मुद्राचित्र. त्यातला काळा रंग कागदात मुरलेला नसतो, तो कागदाच्या पृष्ठभागावर थोडा उचलून बसलेला असतो. कापडाचा एक हलका फराटा जरी लागला तरी तिथे चकाकी येते, आणि ती पुन्हा घालवता येत नाही. ठिपके राहू द्या. कागद फार दमट जागी नसेल तर ते तसे निरुपद्रवी असतात.

आता बायबल. पेन्सिलीनं लिहिणाऱ्यानं उगाच लिहिलेलं नाही. तुमच्या हातात आहे तो बहुधा एका मोठ्या चित्राचा तुकडा आहे, म्हणजे त्या मोठ्या चित्रातलं फक्त डोकं कलाकारानं पुन्हा नव्या प्लेटवर केलं. मूळ मोठं मुद्राचित्र प्रिन्स रूपर्ट या राजपुत्रानं १६५८ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टला केलं. ते सुमारे ६३ सेंटिमीटर उंच आणि ४४ सेंटिमीटर रुंद आहे. जाणकार त्याला ‘मोठा जल्लाद’ म्हणतात आणि तुमच्याकडच्या आकृतीला ‘छोटा जल्लाद’. मोठ्यात हाच माणूस कमरेपर्यंत दिसतो. एका हातात तलवार, आणि दुसऱ्या हातात केसांनी धरलेलं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं, म्हणजे बायबलमधल्या एका संदेष्ट्याचं, शिर. ज्या रंगचित्रावरून रूपर्टनं ते केलं ते त्या काळी नेपल्समधल्या स्पॅनिश चित्रकार रिबेराचं समजलं जाई.

प्रसंग मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला, आणि मत्तयाच्या चौदाव्यातही. हेरोद राजानं आपल्या भावाची बायको हेरोदिया हिच्याशी लग्न केलं. योहानानं हे नियमाविरुद्ध आहे असं तोंडावर सांगितलं म्हणून त्याला तुरुंगात टाकलं. राजाच्या वाढदिवसाला हेरोदियेची मुलगी नाचली, राजा खूश झाला, भर मेजवानीत शपथ घेऊन म्हणाला, माग हवं ते. आईनं शिकवलं आणि मुलीनं मागितलं: योहानाचं शिर, तबकात. राजाला वाईट वाटलं, पण शपथ पाहुण्यांसमोर घेतलेली. त्यानं एका शिपायाला पाठवलं.

हा शिपाई बायबलमध्ये जेमतेम दोन वचनांपुरता आहे. जातो, काम करतो, तबक घेऊन येतो. त्याला नाव नाही, एक शब्दही त्याच्या तोंडी नाही. युरोपातल्या चित्रकारांनी या कथेत बहुतेक वेळा ती मुलगी रंगवली, तिचे दागिने, तिचं तबक. रूपर्टसमोर जे रंगचित्र होतं त्यात मात्र मध्यभागी हा हुकमाचा ताबेदार आहे. आणि छोट्या प्लेटवर तर शिर गेलं, तलवार गेली, उरला फक्त तो आणि त्याची खाली वळलेली नजर. माझ्या मते हे छोटं चित्र मोठ्यापेक्षा जास्त बोचतं. तो काय बघतो आहे हे ज्याला कथा माहीत आहे त्यालाच कळतं, आणि ज्याला माहीत नाही त्यालाही चेहऱ्यावरून एवढं कळतं की काहीतरी होऊन गेलं आहे. तुम्हाला चित्र घ्यावंसं वाटलं ते बहुधा याचमुळे.

छोटी प्लेट झाली कशासाठी, याचं कारण व्यवहारी आहे. इंग्लंडमधले जॉन एव्हलिन हे रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या संस्थापक सदस्यांपैकी एक. मुद्राचित्रणाच्या इतिहासावर ते ‘स्कल्प्चुरा’ नावाचं पुस्तक लिहीत होते. १६६१ च्या सुरुवातीला रूपर्टनं त्यांना ही नवी पद्धत स्वतःच्या हातानं करून दाखवली, ही नोंद एव्हलिनच्या रोजनिशीत आहे. पुस्तक १६६२ मध्ये निघालं आणि त्यात नमुना म्हणून ही छोटी प्लेट छापली गेली. पुस्तकाच्या पानात मोठं चित्र मावणार नव्हतं, आणि तंत्र दाखवायला चेहऱ्यासारखी जागा नाही: कपाळावर लख्ख उजेड, डोळ्यांच्या खोबणीत गडद काळोख, आणि मधल्या सगळ्या छटा गालावर. गंमत म्हणजे पुस्तकात नमुना आहे, पण पद्धत कशी ती एव्हलिननं मुद्दाम गूढ ठेवली. ती इतक्या स्वस्तात सर्वांना खुली होऊ नये असं त्यांना वाटत होतं.

रूपर्ट म्हणजे घोडदळाचा सेनापती, व्यवसायानं चित्रकार नव्हे. जन्म १६१९ चा, प्रागमधला. आई इंग्लंडच्या राजघराण्यातली, म्हणजे राजा पहिला चार्ल्स याचा हा सख्खा भाचा. इंग्लंडच्या यादवी युद्धात तो मामाच्या बाजूनं लढला, हरला, देशोधडीला लागला. चार्ल्सचा लंडनमध्ये १६४९ मध्ये शिरच्छेद झाला. नऊ वर्षांनी हा भाचा फ्रँकफर्टमध्ये बसून शिर हातात धरलेला जल्लाद तांब्यावर खरवडत होता. विषय निवडताना त्याच्या मनात मामा होता असं मी ठामपणे म्हणणार नाही. योहानाचं शिर हा तेव्हाच्या चित्रकलेतला नेहमीचा विषय होता. पण १६६२ मध्ये लंडनच्या वाचकानं हे पान उघडलं तेव्हा त्याला ते आठवलं नसेल, हे मला पटत नाही. राजाच्या शिरच्छेदाला तेव्हा अवघी तेरा वर्षं झाली होती आणि राजघराणं परत गादीवर येऊन दोनच.

एक दंतकथा तुम्हाला जागोजागी भेटेल, म्हणून इथेच निकालात काढतो. एका पहाटे पहाऱ्यावरचा शिपाई बंदुकीचा गंज खरवडत होता, ते बघून रूपर्टला मेझोटिंट सुचलं, अशी ती कथा आहे. गोष्ट छान, पण खरी नाही. पहिलं मेझोटिंट १६४२ चं आहे: जर्मनीतल्या हेसे-कासेलची राज्यकर्ती आमेलिया एलिझाबेथ हिचं व्यक्तिचित्र. ते लुडविग फॉन झीगन या लष्करी पेशाच्या हौशी कलावंतानं केलं, आणि तिच्या मुलाला पाठवताना ही पद्धत अगदी नवी आहे असं पत्रात लिहिलंही. झीगनकडून ती रूपर्टपर्यंत पोचली. रूपर्टचं खरं श्रेय वेगळं आहे, आणि ते समजून घेतलं तर तुमची प्रत तपासणंही सोपं जाईल.

झीगन उजेडाकडून अंधाराकडे जात होता. तांब्याची गुळगुळीत प्लेट घ्यायची, जिथे काळं हवं तिथे दातेरी चाक फिरवून खड्डे पाडायचे. गुळगुळीत राहिलेली जागा पांढरी छापली जायची. रूपर्टच्या हाती हे उलटं झालं. रॉकर नावाचं एक अवजार असतं, पोलादाचं अर्धगोल पातं, आणि त्याच्या कडेला बारीक दात. ते प्लेटवर उभं धरून मनगटानं डावीकडे-उजवीकडे डोलवत पुढे न्यायचं. एक दिशा पूर्ण झाली की कोन बदलून दुसरी, मग तिरपी, मग पुन्हा. प्रत्येक दात तांब्यात टोचतो आणि बाजूला धातूचं सूक्ष्म कुसळ उभं करतो, ज्याला आम्ही बर म्हणतो. पुरेशा फेऱ्या झाल्या की प्लेटचा स्पर्श नुकत्याच टाकी लावून घेतलेल्या पाट्यासारखा होतो. या अवस्थेत शाई भरून छापलं तर कागद सलग काळा येतो, कुठे आकृती नाही की रेघ नाही.

चित्र सुरू होतं ते त्यानंतर. स्क्रेपर म्हणजे धारदार सुरी, तिनं कुसळं खरवडायची. थोडी खरवडली की काळ्याचा करडा होतो, आणखी खरवडली की फिका, आणि पूर्ण पांढरं हवं तिथे बर्निशरनं तांबं घासून पुन्हा आरशासारखं करायचं. तुमच्या चित्रातलं कपाळ घ्या. त्या जागी कलाकारानं सगळ्यात जास्त धातू काढला आहे. भुवईपाशी सुरी थांबली, खोबणीत ती जवळजवळ गेलीच नाही. फडक्याच्या घड्या म्हणजे सुरीचे लहान-लहान फटकारे. माझ्या स्वतःच्या कामात मला सगळ्यात कठीण जातो तो गाल, कारण तिथे उजेड कुठे संपला हे दिसता कामा नये. एक फटकारा जास्त झाला तर तेवढी जागा पुन्हा रॉकरनं टोचावी लागते, आणि टोचलेली दुरुस्ती कायम थोडी वेगळी दिसते. प्लेट तयार झाली की घट्ट शाई भरायची, जाळीच्या कापडानं आणि शेवटी तळव्यानं पुसायची, ओलसर कागद ठेवून वर नमद्याचा थर घालून दोन रुळांच्या प्रेसमधून काढायची.

आता लक्षात येईल की तुरुंगातला रात्रीचा प्रसंग आणि ही पद्धत एकमेकांना का लाभली. एन्ग्रेव्हिंगमध्ये, म्हणजे प्लेटवर रेघा कोरून केलेल्या चित्रात, काळोख हा जाळी विणून, रेघेवर रेघ मारून तयार करावा लागतो, आणि तरी रेघांमधून कागद डोकावतोच. इथे काळोख आधीच असतो, चित्रकार त्यातून माणूस बाहेर काढतो. रिबेराच्या वळणाचं, एका बाजूनं उजेड पडलेलं चित्र काळ्या-पांढऱ्यात उतरवायला त्या वेळी याहून चांगली रीत नव्हती. रूपर्टबरोबर फ्रँकफर्टला वालेराँ वायाँ हा चित्रकार होता. तो पुढे अॅमस्टरडॅमला गेला, दोनेकशे मेझोटिंट्स केली आणि ही कला धंद्याला लावली. १६७० च्या दशकात आब्राहम ब्लोटेलिंगनं रॉकर सुधारला आणि पोत अगदी एकसारखा बारीक यायला लागला. पुढची शंभर-दीडशे वर्षं ती जवळजवळ इंग्लंडचीच कला झाली.

मग तुमची प्रत. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि सगळ्यात काळी जागा सोडून गाल बघा, जिथे काळ्याचा करडा होतो ती जागा. मेझोटिंट असेल तर बारीक काळे ठिपके रांगेत जाताना दिसतील, आणि एक रांग दुसरीला तिरपी छेदताना. ती रॉकरची चाल आहे, आणि एकदा ओळखीची झाली की विसरत नाही. ठिपके काटेकोर चौकटीत असतील तर ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं किंवा त्यानंतरचं, फोटोवरून केलेलं छापकाम आहे, विषय संपला. गोंधळ होतो तो फोटोग्राव्ह्युअरशी, म्हणजे फोटोवरून तयार केलेल्या तांब्याच्या प्लेटवरून छापण्याच्या पद्धतीशी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या मुद्राचित्रांच्या सुंदर नकला या पद्धतीनं काढल्या गेल्या, आणि त्यांचा काळा रंगही खोल असतो, कागदावर प्लेटचा दाबही असतो. फरक असा की तिथे भिंगाखाली काळ्या जाळ्यात पांढरी सूक्ष्म बेटं दिसतात, कसल्याही दिशेशिवाय. रांगा दिसत नाहीत.

प्लेटचा दाब म्हणजे चित्राच्या चारी बाजूंनी कागदात बसलेली चौकोनी खाच. आपल्याकडच्या जुन्या घरांतली रविवर्मा प्रेसची देवादिकांची चित्रं तुम्ही बघितली असतील. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या त्या छापखान्यातलं काम दगडावरून होई, त्यामुळे त्यांना अशी खाच नसते. तांब्याच्या प्लेटला असते. पण तुमच्या प्रतीला खाच नसली तरी निराश होऊ नका. पूर्वीचे संग्राहक चित्राच्या कडेपर्यंत कागद कापून वहीत चिकटवत, त्यात खाच जाते.

कागद उजेडासमोर धरा, चौकटीतून काढता येत असेल तरच. १७५० च्या दशकाआधीचा युरोपातला कागद तारांच्या जाळीच्या साच्यात बनवलेला असे, त्यात जवळजवळ असलेल्या बारीक रेघा आणि साधारण अडीच सेंटिमीटरवर एक अशा आडव्या ठळक रेघा दिसतात. रेघा नसलेला, सपाट पोताचा कागद असेल तर तुमची प्रत १६६२ ची असू शकत नाही. उलट बाजू मात्र लागू नाही: रेघांचा कागद पुढेही बनत राहिला, म्हणून रेघा दिसल्या एवढ्यावर प्रत जुनी ठरत नाही. हे इथे विशेष महत्त्वाचं आहे, कारण एव्हलिनच्या पुस्तकाची १७५५ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यासाठी या डोक्याची नवी नक्कल मेझोटिंटमध्येच करण्यात आली. म्हणजे खरं मेझोटिंट, जुना रेघांचा कागद, खरी खाच, आणि तरी रूपर्टचा हात नाही, असं होऊ शकतं. लिलावात नावं चुकतात ती बऱ्याचदा अशा जागी, आणि त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही.

या दोन्हींतला फरक पोतात शोधा. रूपर्टचा रॉकर ओबडधोबड होता. अंधाराच्या कडेला त्याच्या फेऱ्या उघड्या दिसतात, पोत भरड आहे, काही ठिकाणी दाट आणि काही ठिकाणी विरळ. अठराव्या शतकातल्या कारागिराची जमीन, म्हणजे रॉकरनं टोचलेला प्लेटचा पृष्ठभाग, एकसारखी, तलम असते. आणि नक्कल कितीही चांगली असली तरी फडक्याच्या घडीचं टोक, कानाजवळची एखादी बट, उजेडाची कड जरा इकडेतिकडे होतेच. ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात अस्सल प्रतींची छायाचित्रं आहेत. शेजारी ठेवून डोळ्यांपासून सुरुवात करा, घड्यांकडे नंतर या.

प्रत खरी निघाली तर पुढचा प्रश्न, ती छापली कशी गेली? तांब्याची कुसळं प्रेसच्या दाबाखाली चेपत जातात. रेघांच्या एन्ग्रेव्हिंगची प्लेट हजारांनी प्रती देऊ शकते. मेझोटिंटच्या खऱ्या काळ्याभोर प्रती शंभराच्या आसपासच मिळतात, मग काळ्याचा राखाडी होतो आणि गालावरच्या छटा एकमेकींत मिसळतात. पुस्तकासाठी छापलेल्या प्लेटचं तर हे होणारच. म्हणून ‘सतराव्या शतकातलं’ एवढ्या शब्दांवर मी कधीच थांबत नाही. एकाच प्लेटवरून त्याच वर्षी निघालेल्या दोन प्रतींपैकी एकीत डोळ्यांच्या खोबणीत नजर दिसते आणि दुसरीत नुसता धूसर डाग. तुम्ही ‘काळपट’ म्हणालात. नीट उजेडात बघा, डोळ्याच्या आत अजून एक गडद पायरी दिसते का? दिसत असेल तर तुमची प्रत लवकरची आहे आणि तुम्ही भाग्यवान आहात. दिसत नसेल तर ती उशिराची किंवा झिजलेली आहे. तरीही रूपर्टची असेल तर जपण्यासारखी आहेच.

ठेवण्याबद्दल. सध्याच्या चौकटीत काच थेट चित्राला टेकलेली असेल तर ती आधी सोडवून घ्या, पण स्वतः नाही, कागदाचं जतन करणाऱ्या माणसाकडून. आम्लमुक्त पुठ्ठ्याची खिडकी कापून काच आणि चित्र यांत अंतर ठेवायचं. चित्र वरच्या कडेला दोन जपानी कागदाच्या पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीनं अडकवायचं. चिकटपट्टी कुठेही नको, ‘फोटोसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलीसुद्धा नको. जागा अशी की सूर्यप्रकाश येत नाही आणि ओलावा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहतो. इंग्लंडमधल्या घरात बाहेरच्या भिंतीवर, रेडिएटरच्या वर किंवा न्हाणीघराला लागून टांगू नका.

तुम्ही लंडनला जाऊ शकत असाल तर ब्रिटिश म्युझियमचं मुद्राचित्रं आणि रेखाचित्रांचं अभ्यासदालन आधी वेळ ठरवून सामान्य लोकांनाही खुलं असतं. तिथे मोठा आणि छोटा दोन्ही मागवून समोर ठेवून बघता येतात, आणि छायाचित्रात न कळणारा काळ्याचा कस तिथे अर्ध्या मिनिटात कळतो. त्याआधी मला चार छायाचित्रं पाठवा: पूर्ण चित्र, डाव्या गालाचं भिंगातून, एका कडेवरून तिरपा उजेड टाकून प्लेटची खाच, आणि कागद उजेडासमोर धरून. पुस्तकातून काढलेली प्रत असेल तर एका बाजूला शिवणीची भोकं किंवा जुनी घडी दिसेल, तीही टिपा. काच काढता येत नसेल तर तसंच पाठवा, फ्लॅश मात्र बंद ठेवा.